साफ झालेला डोंगर

आमच्याकडे पेरणीआधी धुरे पेटवतात. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. त्यावरचं वाळलेलं गवत जाळलं की शेत कसं देखणं दिसतं, असं माझ्या धाकट्या दिराचं मत. नवरा हिंगोलीला नोकरीला, त्यामुळे शेतीतलं दिराचं मत म्हणजे घरातला कायदा. त्या उन्हाळ्यात त्यानं भर दुपारी, सुटलेल्या वाऱ्यात धुरा पेटवला आणि आग सरळ मागच्या डोंगरावर चढली. गवत, पळस, बोरी, सगळं गेलं. गाव विझवायला धावलं खरं, पण निम्म्या लोकांच्या हातात मोबाइल होते आणि ते व्हिडिओ काढत होते.

दुसऱ्या दिवशी पारावर एकमत झालं, की डोंगर साफ झाला ते बरंच झालं. साप गेले, काटे गेले. दीर तर असा मिरवत होता, जणू ठरवूनच पेटवला होता. असले भाऊजी सगळ्यांच्या नशिबी नसतात.

डोंगराच्या पायथ्याशी आमचा गोठा आणि त्यात आमची एकुलती एक म्हैस, गाभण. माझा जीव तिच्यात अडकलेला. एकदा मी वर जाऊन जळक्या मातीवर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. माती ते प्यायलीच नाही. तेलकट तव्यावरून घरंगळावं तसं पाणी खाली आलं. घरी येऊन म्हटलं, "म्हैस घरापाशी बांधू. मोठा पाऊस झाला तर डोंगर गोठ्यात येईल."

दीर पोट धरून हसला. "पूर नदीला येतो, वहिनी. डोंगराला न्हाई."

सासूबाईंचं म्हणणं त्याहून पक्कं. गाभण म्हशीची जागा बदलली की ती दूध चोरते. मी भांडले, जेवणावर राग काढला, पण म्हैस तिथंच राहिली.

आषाढात एका दुपारी ढगच फुटला. डोंगरावरून नुसतं पाणी आलं नाही, काळा चिखल आला, दगड आणि जळकी खोडं घेऊन. गोठ्याची मागची भिंत बसली आणि म्हैस पोटापर्यंत रुतली. दीर सगळ्यांच्या आधी धावला, हे कबूल करायला हवं. फावडं तिला लागेल म्हणून तो हातांनी चिखल उपसत होता आणि लेकरासारखा रडत होता. दिवस मावळायच्या आत ती बाहेर निघाली. नंतर तिनं मेलेलं रेडकू टाकलं. ती ते चाटत राहिली, मला बघवेना. सासूबाई म्हणाल्या, कुणाची तरी दृष्ट लागली.

पुढच्या उन्हाळ्यात भाकरी घेऊन शेतात गेले, तर दीर धुऱ्यावर उभा, हातात काडेपेटी.

"भाऊजी, पुन्हा?"

"आता भ्यायचं काहून, वहिनी? डोंगरावर जळायला राहिलंच काय?"

मी काडेपेटी हिसकावली आणि विहिरीत फेकली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, खिशात हात घातला आणि दुसरी काढली.