सोमवारच्या रिकाम्या चौकटी

सोमवारी सकाळी खजुरीहून लाल बसमध्ये बसले. काखेत भिंतीवरचं कॅलेंडर. आमच्या तेलाच्या घाण्याची मोटर उन्हाळाभर भर दुपारी आपोआप बंद पडत होती. पडली की मी त्या तारखेवर फुली मारायची. मेकॅनिक म्हणाला, मोटर म्हातारी झाली. म्हातारी मीही झाले, पण दुपारी बंद पडत नाही. करडईची गिऱ्हाइकं आळंदला जाऊ लागली होती. असंच चाललं तर घाण्याला कुलूप.

गावाबाहेर तुरीच्या रानामागे सोलरच्या निळ्या पाट्या चमकत होत्या. माझा संशय त्यांच्यावरच.

"आज्जी, कॅलेंडर घिऊन कुठं जायलाव?" कंडक्टरनं विचारलं.

"सोलरच्या हापिसात. भांडायला."

"मग भजी खाऊन जावा. उपाशीपोटी भांडण जमत न्हाई."

आळंदच्या स्टँडवर मिरची भजी आणि सुसला (फोडणीचे ओले चुरमुरे) खाल्ला. एक भजं एप्रिलवर पडलं.

कलबुर्गीच्या हापिसात मंगळूरकडची पद्मा नावाची इंजिनिअर भेटली. बोलणं दखनी हिंदीत. तिनं पडद्यावर सोलरच्या रोजच्या विजेची रेघ दाखवली: दुपारी डोंगर, संध्याकाळी उतार. डोंगर उंच तेवढा आमच्या तारेत विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, जास्त. तो वाढला की मोटर स्वतःला वाचवायला थांबते. ढगाळ दिवशी डोंगर नाही, माझी फुलीही नाही! मी टाळीच वाजवली.

"ठैरो अज्जी. हर सात दिनां को एक खाना खाली. धूप कडक, फिर भी मोटर बंद नै पडी. तो दाब का कसूर कैसा? और ये दाग?"

"दाग भज्याचा." रिकाम्या चौकटींवर बोट फिरवलं. सगळे सोमवार! आमच्याकडे सोमवारी बसवण्णाच्या, म्हणजे नंदीच्या, नावानं बैल जुंपत नाहीत. सासऱ्यांचा घाणा बैल ओढायचा. बैल गेले, मोटर आली, सोमवार राहिला.

"अगं, बंद कुठून पडेल? त्या दिवशी तिला सुट्टी!"

"मोटर कू छुट्टी?" पद्मा टेबलावर डोकं ठेवून हसली. सोमवार वगळले, तशा फुल्या नि डोंगर जुळले. तिनं तिथूनच वीज खात्याला फोन लावला.

बुधवारी लाइनमननं आमच्या डीपीवरचा दाब एक पायरी उतरवला. गुरुवारी दुपारी ऊन नुसतं भाजत होतं, आणि घाणा फिरत होता. शेजारचा अण्णा दारातून ओरडला, "अक्का, मोटर चालायलीय का बंद?"

"चालायलीय! पोतं उतरव!" गुडघे विसरून मी घाण्याभोवती एक गिरकी घेतली.

सोमवारी घाणा अजूनही बंद असतो. फक्त आता चौकटीत ठळक लिहिते, "सुट्टी". कोरी चौकट परक्या माणसाला वाटेल ते सांगते.