जर्मन मास्तरांची तळटीप

जर्मन मास्तरांना साधा विनोदसुद्धा त्याच्या मालकाचं नाव घेतल्याशिवाय सांगता येत नसे. शिक्षकांच्या खोलीत सगळे कान टवकारून बसलेले असायचे आणि हे आधी जाहीर करणार, "हा जोक माहा नाही बरं. नांदुऱ्याच्या स्टेशनावर एका हमालानं सांगतला." तोवर विनोद अर्धा मेलेला असे. एकदा मी त्यांच्या डब्यातल्या वांग्याच्या भाजीची तारीफ केली. तर हात बायकोचा, मसाला मेहुणीचा आणि वांगी धाकट्या भावाच्या मळ्यातली, अशी रीतसर वाटणी झाल्यावरच भाजी माझ्या पानात पडली. "ज्याचं त्याले द्या लागते, बाई," हे त्यांचं पालुपद.

ते जर्मन नव्हते हे सांगायला नकोच. सोनाळ्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, जळगाव जामोदला आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा. महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा मी लग्न होऊन नाशिकहून तिथे आले आणि त्याच शाळेत मराठी शिकवू लागले. इंग्रजीचा मास्तर वर्गात "काऊन बे, घोकलं नाही का?" असं विचारतो हे ऐकून मी पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. ते सरळ व्हायला महिनासुद्धा लागला नाही.

त्यांना हे नाव पडलं ते एका त्रैमासिकापायी. इंग्रजी आणि तिच्या जर्मन कुळातल्या बहिणी, त्यांची भाषा आणि साहित्य, यावर विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेलं ते त्रैमासिक अमेरिकेतून निघे. नागपूरचे त्यांचे जुने प्राध्यापक आपला अंक वाचून झाला की यांना पाठवून देत. नांदुऱ्यापर्यंत रेल्वेने आणि पुढे एस.टी.ने तो यायचा. मास्तर हात धुऊन, पुसून, मगच पाकीट कापत. लेखांखालच्या निम्म्या तळटिपा जर्मन भाषेत असत, म्हणून या गृहस्थाने शब्दकोश मांडीवर घेऊन एकट्याने जर्मन शिकून घेतली. "तळटिपा सोडून वाचा की," असं मी म्हटलं, तर माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "वरचा मजकूर म्हनजे वरात, बाई. नवरदेव खाली बसला रायते."

एका अंकात हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या शेतकऱ्यांच्या एका विधीवर वाद चालला होता. हंगामाला नांगर धरला की पहिल्या तासात, म्हणजे नांगराच्या पहिल्या रेघेत, भाकरी ठेवून वर माती ओढायची. कशासाठी, यावर दोन मोठे पंडित पानंच्या पानं भांडत होते. मास्तरांना हसू आवरेना. सोनाळ्याला त्यांची माय दरसाल हेच करत आली होती. लहानपणी त्यांनी तिला कारण विचारलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "भुईले आधी जेवू घाला लागते, मंग मांगा लागते." या एका वाक्यावर मास्तरांनी लेख उभा केला. त्याला दोन वर्षं लागली. प्रत्येक खर्डा ते मला वाचायला लावत. त्यातलं मला निम्मं कळत नसे, पण न कळलेलं मी कबूल करत असे आणि ते ती जागा पुन्हा लिहीत.

लेख गेला. सातआठ महिन्यांनी संपादकांचं पत्र आलं. लेख आवडला होता, छापायची तयारी होती. फक्त आईच्या वाक्याला छापील आधार द्यावा, नसेल तर ते वाक्य गाळावं. मास्तर चार दिवस ते पत्र खिशात घालून हिंडत होते. या त्रैमासिकात आपलं नाव यावं ही त्यांची आयुष्यातली एकच हौस होती, आणि ती एका ओळीवर अडली होती. शेवटी त्यांनी उत्तर लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: 'या वाक्याला छापील आधार नाही. आधार सोनाळ्याला राहतो आणि अजून पेरणीला जातो.' पत्र पेटीत टाकून ते तडक वर्गावर गेले.

पण संपादकही माणूस निघाला. लेख छापून आला, आणि तळटिपेत आईचं नाव, गाव, जिल्हा सगळं आलं. लेखकाला त्याच्या लेखाच्या पंचवीस सुट्या प्रती भेट द्यायची तिकडे रीत असते. ते पुडकं घेऊन मास्तर सोनाळ्याला निघाले आणि आग्रहाने मलाही घेऊन गेले.

माय अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मास्तरांनी शेजारी उकिडवं बसून तळटीप तिला वऱ्हाडीत उलगडून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"माह्यं नाव काऊन टाकलं रे बाप्पा?" ती म्हणाली. "थे का माह्यं हाय? मले आत्याबाईनं सांगतलं."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, मास्तरांची आजी. मास्तरांचा चेहरा उतरला. दुसऱ्याचा विनोदही न लाटणाऱ्या माणसाने दुसऱ्याचं वाक्य पार अमेरिकेत चुकीच्या नावावर मांडलं होतं.

"मंग आजीचं नाव सांग," ते म्हणाले. "मी तसं कळवतो त्याईले."

"सासूचं नाव कोन घेते? जलमभर आत्याबाईच म्हनलं." शेंग सोलता सोलता ती थांबली. "मले कोनं सांगतलंच नाही."

त्यानंतर मास्तरांनी आजीचं नाव शोधायला घेतलं. चुलत्यांना ती 'माय' म्हणून माहीत, गल्लीला 'अकोटवाली' म्हणून. सातबाऱ्यावर सगळे पुरुष. गावातले जन्ममृत्यू ज्यात टिपतात त्या कोतवाल बुकात तिच्या मरणाची नोंद सापडली: 'आनंदाची बायको, ताप.' मास्तर अकोटला तिच्या माहेरीही जाऊन आले. तिथे घर परक्याचं झालेलं, जुनं माणूस एकही नाही.

परत आले त्या दिवशी ते सरळ शिक्षकांच्या खोलीत आले. म्हणाले, "हजार वर्साचा शब्द कुठून आला थे मी सांगतो, बाई. जिच्या मांडीवर निजलो, तिचं नाव मले माहीत नाही." आणि ते रडले. मलाही राहवलं नाही.

त्यांनी दुरुस्ती पाठवली आणि पुढच्या एका अंकात ती छापून आली: 'वाक्य लेखकाच्या आईचे नसून आजीचे आहे. आजीचे नाव लेखकाला शोधूनही मिळाले नाही.' आपलं जे नाव छापून यावं म्हणून दोन वर्षं जिवाचं रान केलं, त्याच नावाखाली ही कबुली त्यांनी स्वतः मागून घेतली. मला त्यांचा तेव्हा फार अभिमान वाटला. अजून वाटतो.

पुढे यजमानांची बदली झाली. आम्ही गाव सोडलं त्या सकाळी मास्तर एस.टी. स्टँडवर आले. हातात त्या लेखाची एक सुटी प्रत आणि उघडलेलं पेन.

"तुमचं नाव सांगा," ते म्हणाले.

मी हसले. चार वर्षं एका खोलीत बसलेला माणूस. मी नाव सांगितलं.

"थे सासरचं. तुमच्या मायनं ठेवलं थे सांगा."

लग्नात माझं नावही बदललं होतं. आईवडील तोवर गेले होते, भाऊ ताई म्हणायचा. ते नाव उच्चारताना माझी जीभ अडखळली. मास्तरांनी ते सावकाश, प्रत्येक अक्षर विचारून लिहिलं आणि खाली एक ओळ घातली: 'हा लेख यांनी सर्वांत आधी वाचला व कळेपर्यंत लिहून घेतला.'

मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. यजमानही नाहीत. मागच्या महिन्यात माझी नात कपाट आवरत होती. ती प्रत तिच्या हाती लागली आणि पहिल्या पानावर ती थांबली.

"आजी, ही द्वारका कोण गं?"

मी म्हटलं, "मी."