पाठमोऱ्या माणसांची भिंत

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कागद कारखान्याच्या वसाहतीतील सभागृहाच्या भिंतीवर चुना फिरवण्यात आला. कोजागिरीला दामूअण्णा गेले. भिंतीपुरते जबाबदार दोघे: ठरावाविना आदेश देणारे वसाहत समितीचे अध्यक्ष आणि तो अमलात आणणारे सचिव. चुना आणि मृत्यू यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध करता येणार नाही, हे मी जाणतो. तसा माझा दावाही नाही. पण आज कित्येक आठवडे झाले, मी सुन्न आहे.

दामूअण्णा कारखान्यात फिटर होते. निवृत्तीनंतर वसाहतीतले कोणी वारले की ते त्या भिंतीवर त्याचे चित्र काढत, आणि तेही नेहमी पाठमोरे. कुणाचा उतरलेला खांदा, कुणाची सायकल ढकलण्याची ढब... घरची माणसे लांबूनच ओळखत. कोपऱ्यात त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी होत्या. इतवाऱ्याच्या बाजारातून पिशवी घेऊन, किंचित डावीकडे कलत चाललेल्या.

"अण्णा, चेहरे का काढत नाही?" मी एकदा विचारले.

"वकीलसाहेब," माझ्या अर्जबाजीमुळे ते मला असेच चिडवत, "चेहरा फोटोत आहे. तिचं चालणं कुठं आहे? तुमच्या कुठल्या कलमात?" मग म्हणाले, "माणूस जातो तेव्हा पाठच दिसते ना... तेवढी तरी नीट बघून ठेवावी. चित्र दुसरं कशासाठी काढायचं?"

त्या सकाळी आम्ही दोघे ओल्या भिंतीसमोर उभे होतो. सचिव, तरुण गृहस्थ, हसत आले. "काका, नाराज काहून होता? पाहुणे येऊन राहिले, दीवार साफ पाहिजे. तिथंच 'स्वागत' लिहून द्या ना, हात तर तुमचाच चांगला."

अण्णांनी एवढेच विचारले, "त्या कोपऱ्यातली बाई कोण होती, माहीत आहे?"

"कोणती बाई, काका?"

अण्णा घरी परतले आणि कागदावर वहिनींना पुन्हा काढू लागले. मी रोज जात होतो. पदर जमला, पिशवी जमली, चालणे जमेना. शेवटच्या भेटीत पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "वकीलसाहेब, विसरलो की काय मी..." दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला.

मला दिलगिरी नको, भिंतीची नवी रंगरंगोटीही नको. अध्यक्षांनी येत्या सर्वसाधारण सभेत, सर्व सभासदांसमक्ष, उभे राहून एवढेच सांगावे: चुना फिरवण्याचा आदेश देण्यापूर्वी आपण त्या भिंतीकडे एकदा तरी पाहिले होते काय?