शहाळं नको म्हणायचं राहून गेलं

"पोटॅशियम सहा पॉइंट सात," कॅज्युअल्टीतले डॉक्टर ईसीजीची पट्टी बघत म्हणाले. "हायपरकलेमिया." म्हणजे रक्तातलं पोटॅशियम नको इतकं वाढणं. ते फार वाढलं की हृदयाची लय बिघडते, कधी ते बंदही पडतं. मग ते आईकडे वळले. "यांना खायला-प्यायला काय दिलं होतं?"

"शहाळी," आई म्हणाली. "जुलाब लागलं हुतं. दोन दिसांत आठ-नऊ झाली असतील. मीच पाजली."

"तेच नडलं. किडनी नीट चालत नसेल तर शहाळं म्हणजे पोटॅशियमचा माराच. दुसरी काही औषधं?"

"न्हाई वं. ॲसिडिटीची गोळी खातंय नुसती."

आई भिंतीला धरून मटकन खाली बसली. खरं कारण मला माहीत होतं. मी शुद्धीवर होते, बोलता येत होतं, तरी मी गप्प राहिले. हे लिहायला बसले ते त्या गप्प राहण्यामुळं.

मी पलूसजवळच्या एका गावातली, एकोणतीस वर्षांची. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. माझं बारसं मुलगा म्हणून झालं, पण कळायला लागल्यापासून मी आतून मुलगीच होते. वडील फौजेत होते, ते गेल्यापासून घरात आई आणि मी. आईला यातलं काही सांगायची छाती झाली नव्हती.

सांगलीत दवाखान्याच्या जिन्यात कुणी ना कुणी पाहुणा भेटतोच, म्हणून मी साताऱ्याच्या मॅडम गाठल्या. त्या एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे ग्रंथींच्या डॉक्टर. समुपदेशन, तपासण्या असं सगळं होऊन काही महिन्यांनी दोन गोळ्या सुरू झाल्या. एक इस्ट्रॅडिऑल, म्हणजे बायकांच्या शरीरातलं हार्मोन. दुसरी स्पायरोनोलॅक्टोन. ती पुरुषी हार्मोन दाबते, लघवी वाढवते आणि पोटॅशियम मात्र शरीरातच अडवून ठेवते. मॅडमनी स्पष्ट बजावलं होतं, "शहाळं बंद. जुलाब-उलट्या झाल्या तर ही गोळी थांबवायची आणि मला फोन करायचा. मनानं पेनकिलर घ्यायची नाही, तिनं किडनीवर ताण येतो." मी नंदीबैलासारखी मान हलवली.

पहिल्या सहा आठवड्यांत काय काय झालं, ते सांगते. तुमच्यापैकी कुणाचं हे सुरू होणार असेल तर घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. सारखी लघवी. साताऱ्याहून येताना कराड स्टँड येईपर्यंत जीव मुठीत, आणि उतरल्यावर कुठल्या दारानं आत जायचं हा दुसरा घोर! छातीत हुळहुळायचं, गाडी खड्ड्यात गेली की डोळ्यांत टचकन पाणी. उठून उभं राहिलं की अंधारी. मिठाची इतकी हाव की जेवण झाल्यावर नुसतं लोणचं चाटायचे. आणि रडू! क्लासमधला प्रिंटर अडकला म्हणून रडले मी, पोरांसमोर.

पण त्याच दिवसांत जन्मात पहिल्यांदा आतून निवांत वाटत होतं. तेही कबूल केलं पाहिजे.

आईनं गोळ्या बघितल्या तेव्हा ॲसिडिटीच्या आहेत म्हणून ठोकून दिलं. तिनं माझ्या ताटातलं तिखट कमी केलं.

मग मामाच्या गावची जत्रा झाली. मटणावर ताव मारला आणि दुसऱ्या दिवसापासून जुलाब. आमच्याकडं आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही, येताना शहाळं आणतात. आईनं चार आणली होती, मावशीनं पिशवी भरून आणली, शेजारच्या तात्यांनी दोन. आई शहाळं फोडायची, तांब्यात ओतायची आणि तांब्या रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. एकदा मी म्हणाले, मळमळतंय. "मळमळतंय म्हणूनच पी." पुन्हा नको म्हटलं असतं तर 'का' म्हणून विचारलं असतं, आणि त्या 'का'ला माझ्याकडं खऱ्याशिवाय उत्तर नव्हतं. म्हणून पीत गेले. बरं, गोळी तरी थांबवावी? तीही चुकवली नाही. ती सोडली तर पुन्हा पहिल्यासारखी होईन, अशी वेडी भीती होती. वर छाती दुखते म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून खाल्ली. अकलेचं दिवाळं म्हणतात ते हेच.

तिसऱ्या दिवशी सकाळी पायातलं बळ गेलं. छातीत फडफडायला लागलं आणि मी मोरीच्या उंबऱ्यावर कोसळले. तात्यांनी गाडी काढली आणि सांगलीला आणलं.

तिथं हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. मग इन्सुलिन आणि ग्लुकोज, ती रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये ढकलतात. सलाइन चालू, मॉनिटर चालू. दर थोड्या वेळानं रक्त तपासायचे. आकडा हळूहळू उतरत होता. आई बाहेर बाकावर होती. येईल त्याला सांगत होती, "माझ्याच हातनं झालं बाई." मला आत ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर म्हणाले, "क्रिएटिनिन वाढलंय. किडनीवर ताण दिसतो. एवढ्या तरुण माणसाला असं का झालं ते शोधावं लागेल."

आईनं हात जोडले. "डॉक्टर, माझी किडनी चालंल का बघा. काय लागंल ती घ्या. मी केलंय, मीच भरीन."

त्यानंतर गप्प राहणं म्हणजे माणूसपण सोडणं होतं. मी सगळं सांगितलं. गोळ्यांची नावं, कशासाठी, कधीपासून, आणि मॅडमनी शहाळं बंद सांगितलं होतं हेसुद्धा.

डॉक्टर तडकले. "काल सांगायला काय झालं होतं? इथं आम्ही अंधारात चाचपडतोय!" बरोबरच होतं त्यांचं. त्यांनी साताऱ्याला फोन लावला, स्पायरोनोलॅक्टोन बंद केली. भरपूर सलाइन गेलं आणि दोन दिवसांत किडनीचे आकडे जागेवर आले. मॅडम पुढं दुसरं औषध देणार होत्या. मी वाचले.

आईनं दुपारी भात कालवून भरवला. संध्याकाळी म्हणाली, "बाई व्हायचं म्हंजे काय, मला अजून कळत न्हाई. कळंल कवातरी. पर तुला ठावं असून तू मला मारेकरी होऊ दिलंस. रातभर मी देवाला म्हणत हुते, मला ने. तू ऐकत हुतास न्हवं?"

"ऐकत होते," मी म्हणाले.

तुमच्यापैकी कुणी औषध लपवून घेत असाल तर निदान कॅज्युअल्टीत तरी खोटं बोलू नका. तिथं लाज परवडत नाही. आणि तुमच्या खोटेपणाचं पाप दुसऱ्याच्या माथी बसू देऊ नका. शरीर सुधारतं, पण ते ओझं मी अजून वाहतेय. आईनं माफ केलंय की नाही, मी विचारलेलं नाही. त्या डॉक्टरांचे, नर्सबाईंचे, तात्यांचे उपकार आहेतच. आईचे उपकार म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही.

महिन्यानं साताऱ्याला तपासणीला निघाले तर आई पातळ बदलून दारात उभी. एसटीत शेजारी येऊन बसली. मॅडमनी नवीन औषधाचा कागद माझ्यापुढं धरला आणि पथ्य सांगायला लागल्या. आईनं मधेच हात घालून तो कागद घेतला.

"मला सांगा मॅडम," ती म्हणाली. "हळूहळू सांगा, म्हंजे ध्यानात ऱ्हाईल. या पोरावर माझा इस्वास न्हाई."