मेंदूतलं पाणी आणि सुतक

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे साड्यांचे लोंबते धागे कापणं. पांडेसऱ्याच्या वस्तीतल्या खोलीत पसारा मांडून बसलो होतो. "कातर नीट धरा, पदर कापाल," ती म्हणाली. मग स्टो पेटवायला उठली, तिथंच खाली बसली, आणि गेली.

सुनेला तेव्हा सातवा महिना. पोटातल्या बाळाच्या डोक्यात पाणी जास्त आहे, असं सोनोग्राफीत निघालं होतं. मी चौथीपर्यंत शिकलेला. डॉक्टरीणबाईंना विचारलं, पाणी आत शिरलं कसं? त्या अर्ध्या गुजरातीत म्हणाल्या, "काका, शिरलं नाही, ते तिथलंच असतं. मेंदू आधी पोकळ नळीसारखा असतो. आतलं पाणी दाब देतं, म्हणून तो फुगतो, वाढतो. पाणी नसेल तर मेंदू नीट घडायचाच नाही. तुमच्या बाळाच्या पाण्याची पुढं जायची वाट अडली असावी. परत बघू." तारीख दिली.

पण आमच्या लोकांना हे कोण सांगणार! शेजारच्या खोलीतली बायकोची धाकटी जाऊ रोज यायची. "तिले पानी नका पाजू वं, पोराचं डोकं आखो फुगी जाई." एक दिवस बायको धागे कापायच्या साड्या आणायला बाहेर गेली, तर हिनं माठावर ताट उपडं घालून वर वरवंटा ठेवला. पत्र्याखाली सून तहानेनं व्याकूळ. बायको परतली आणि वरवंटा दाणकन खाली आपटला. "तुना डोकामा पानीच नही, म्हनीसन आशी बोलस!" सून पोट धरून हसली.

तीच जाऊ आता प्रेतापाशी बसून गळा काढत होती. मधेच पदर सावरून शेजारणीला म्हणाली, "पोटातलंच सासूला भारी पडलं." मला शिसारी आली. बाहेर माणसं गुटखा थुंकत स्मशानातल्या लाकडांच्या भावावर बोलत होती. थुंकत होती ती माझ्याच दारात.

रात्री सून हळूच म्हणाली, "मामा, उद्याची तारीख आहे."

जावेच्या कानाला बरं ऐकू आलं. "दादा, सुतकात गरवार बाईनं उंबरा ओलांडायचा नसतो. बघू तेरावं झाल्यावर."

दहा-बारा माणसं माना हलवत होती. तोपर्यंत त्या डोक्यात काय होईल, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मुलानं अग्नी दिलेला, तो कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला. माझी बायको असती तर एकेकाला घराबाहेर काढलं असतं. मला तेवढं बोलता येत नाही.

सकाळी अंघोळ केली, सुनेला चपला घालायला सांगितलं. जाऊ दारात आडवी उभी राहिली. "सरक," म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या अंगावर ओरडलो असेन. रिक्षा केली आणि सुनेला घेऊन दवाखान्यात गेलो.

"पाणी वाढलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण लक्ष ठेवावं लागेल." मी पुढची तारीख मागून घेतली.