जलमभराचा बेल

सत्तावन सालच्या निवडणुकीत दहिवलीच्या देवळात जमीनदार भाऊंनी सगळ्यांना देवापुढचा बेल उचलायला लावला. शपथ एवढीच, की भाऊ सांगतील त्याच चिन्हावर मत. बाकीचे हुशार, ते हळूच "या खेपेला" म्हणाले आणि सुटले. कोंडाजी मात्र छाती फुगवून ओरडला, "जलमभर!"

पुढं भाऊंनी तीन पक्ष बदलले. कोंडाजीही शिव्या घालत त्यांच्यामागून फिरला. अठ्ठ्याहत्तर साली त्याचा सख्खा पुतण्या पोपट भाऊंच्या माणसाविरुद्ध उभा राहिला, तेव्हा कोंडाजीनं भाऊंची ओटी गाठली.

"भाऊ, त्या बेलातून मला मोकळा करा."

"कसला बेल रं? मला नाय आठवत," भाऊ म्हणाले. "पण मत आपल्याच माणसाला दे हां."

मतदानाच्या दिवशी शिक्का हातात देत केंद्रावरचा साहेब म्हणाला, "आजोबा, घाबरू नका. पडद्याआडचं कोणालाच दिसत नाही."

"ज्याच्यापुढं बेल उचलला, त्याला कुठला पडदा वो?" कोंडाजी खेकसला, आणि आत जाऊन त्यानं भाऊंच्या माणसावर शिक्का मारला.

बाहेर पोपट पाया पडायला वाकला. कोंडाजीनं पाय मागं घेतले.