आमच्याकडं

रोह्याच्या कॉलेजात ती माझ्या शेजारी बसायची. माहेर कासूचं, नवं सासर निडीचं. दोन्ही घरांना ती ‘आमच्याकडं’च म्हणायची. मी चिडवायचे, “कुठल्या आमच्याकडं गो?”

मग एका हळदीत तिच्या नवऱ्याने तिच्या भावाचं डोकं फोडलं. त्याच आठवड्यात सरांनी तिला शोकांतिकेतला उतारा वाचायला सांगितला: नवऱ्याने भावाला जिवे मारल्याचं नव्या नवरीला कळतं, तो. ती मध्येच थांबली.

“सर, ही शेवटी कुणाकडं जाते?”

“कुणाकडेच नाही. मरते,” सर म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीत निडी आलं, ती उठली नाही. कासूलाही नाही. पेणला, माझ्या स्टेशनवर, ती माझ्यामागे उतरली आणि फलाटावर उभी राहिली.

मी म्हटलं, “आमच्याकडं चल गो.”